रुपया निघतो कुठून, अडतो कुठे

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी यवतमाळच्या सभेतून वर्धा-कळंब रेल्वेला हिरवा झेंडा दाखवला. मांजरेकाठच्या कळंबमध्ये ही बातमी वाचून कुणी क्षणभर हुरळले असेल तर नवल नाही. पण ते कळंब यवतमाळ जिल्ह्यातले. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबच्या वाट्याला ‘कळंब रोड’ नावाचे एक स्टेशन तेवढे आहे, आणि तेही कसबे तडवळ्याला, गावापासून वीस किलोमीटरहून लांब.

हे असे का, याचे उत्तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाते. बार्शी लाइट रेल्वे ही लंडनमध्ये नोंदलेली खासगी कंपनी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. पुढे ती निजामाच्या हद्दीत तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. कंपनीला बार्शी-लातूरच्या बाजारपेठेतला माल दिसत होता; कळंब त्या हिशेबात बसले नाही आणि जिल्ह्याचे गाव उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, तेही बसले नाही. १ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने ती कंपनी विकत घेतली. २००७-०८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी ब्रॉडगेज झाली तेव्हा जुनी वाट सोडून रूळ वळवले गेले आणि ते धाराशिव शहरावरून गेले. निव्वळ नफ्याच्या हिशेबाने जे गाव सुटले होते, ते लोकांच्या रेट्याने आणि पुढाऱ्यांच्या खटपटीने जोडले गेले. म्हणून ‘रस्ते-रेल्वेत राजकारण आणू नका’ असे कुणी म्हणाले की मला ते फारसे पटत नाही. राजकारण नसते तर धाराशिवकर आजही गाडी पकडायला जुन्या वाटेवरच्या येडशीलाच गेले असते.

प्रश्न वेगळा आहे. कळंबसारख्या शेतीवर जगणाऱ्या तालुक्यात, जिथे सोयाबीन, तूर आणि ऊस एवढ्यावरच बाजार चालतो, तिथला रस्ता तिथल्या कमाईतून होणे शक्य नाही. पैसा बाहेरून येतो: काही मुंबईहून, काही दिल्लीहून. आला की दोन्हीकडचे फलक लागतात, ‘आमच्या अथक पाठपुराव्याला यश’. नाही आला की दोन्हीकडची बोटे एकमेकांकडे. हा पैसा नेमका कोणत्या वाटेने येतो आणि कुठे अडून बसतो, हे मात्र त्या फलकावर कधी नसते.

आधी मालकी पाहू. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या सूचीत आहेत; बाकीचे रस्ते आणि पूल राज्याच्या. म्हणजे येरमाळ्याच्या माळावरून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग दिल्लीचा आणि त्याच्यापासून फुटून एखाद्या खेड्यात शिरणारा रस्ता मुंबईचा किंवा धाराशिवच्या जिल्हा परिषदेचा. रस्त्याकडेच्या दगडाकडे नीट पाहिले तर हे कळते. डोक्यावर पिवळा रंग असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, आणि नारिंगी दिसला तर तो प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा ग्रामीण रस्ता. बार्शीकडून येरमाळा, कळंब, केज, धारूर, माजलगाव असा पुढे लोणार-मेहकर-खामगावकडे जाणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ५४८-सी आहे. गळीत हंगामात त्यावरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रांगेने जातात, मागे परावर्तक पट्टी असली तर असली. रस्त्याचा दर्जा राष्ट्रीय झाला तरी त्यावरची वाहतूक तालुक्याचीच असते.

दर्जा वाढला की पैसा वाढतो, हे खरे. म्हणून २०१४ नंतरच्या दशकात महाराष्ट्रातल्या कितीतरी राज्यमार्गांना राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक मिळाला; आज राज्यात अशा महामार्गांची लांबी १८,००० किलोमीटरच्या वर आहे आणि ती देशात सर्वाधिक आहे. पण मध्ये एक विचित्र टप्पा असतो. आधी रस्ता ‘तत्त्वतः’ राष्ट्रीय महामार्ग म्हणून मान्य होतो, अधिसूचना निघायची असते. त्या काळात राज्याचे बांधकाम खाते म्हणते, आता हा केंद्राकडे चालला. केंद्राचे लोक म्हणतात, अजून आमच्याकडे आलेला नाही. सामाईक विहिरीवरची मोटार जळाली की दोन्ही भाऊ ‘आधी तू भर’ म्हणत बसतात आणि पीक दोघांचेही वाळते, तसे त्या रस्त्याचे होते. खड्डे मात्र कुणाच्या अधिसूचनेसाठी थांबत नाहीत.

आता पैशाकडे. रस्त्यासाठी पेट्रोलवर वेगळा कर घ्यावा आणि तो राज्यांना वाटावा, ही कल्पना भारतात एका मराठी माणसाच्या नावाने ओळखली जाते. मुकुंदराव रामराव जयकर, बॅरिस्टर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. विद्यापीठातले जयकर ग्रंथालय सगळ्यांना ठाऊक आहे. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्तेविकास समितीचे ते अध्यक्ष होते, हे फारसे कुणाला आठवत नाही. मोटारी वाढत होत्या, रस्ते जिल्हा बोर्डांच्या ताकदीबाहेर चालले होते. १९२८ च्या अहवालात समितीने सांगितले की रस्त्यांचा भार आता केवळ स्थानिक संस्थांवर टाकता येणार नाही. देशाच्या तिजोरीने त्यात वाटा घ्यावा आणि त्यासाठी मोटार वापरणाऱ्यांकडून जादा कर घ्यावा. मार्च १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर लागला आणि त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. वाटप कसे? ज्या प्रांतात जितके पेट्रोल जळेल, त्या प्रमाणात.

न्याय वरवर सरळ दिसतो: ज्याने भरले त्याला मिळाले. पण मोटारी मुंबईत होत्या. ज्या मुलखात बैलगाडीच चालत होती, तिथे पेट्रोल जळत नव्हते, म्हणून पैसा येत नव्हता, म्हणून रस्ता होत नव्हता, आणि रस्ता नाही म्हणून मोटारही येत नव्हती. सूत्रातल्या एका ओळीने मागास मुलूख मागासच राहू शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

हे चक्र कुठेतरी तोडावे लागते, ही जाणीव पुढच्या पंधरा वर्षांतच आली. डिसेंबर १९४३ मध्ये सगळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपूरला जमले. तिथे ठरलेली ‘नागपूर योजना’ म्हणजे भारतातल्या रस्त्यांची पहिली वीस वर्षांची आखणी. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही जी उतरंड आज बांधकाम खात्याच्या प्रत्येक फायलीत दिसते, ती तिथली. चांगल्या शेतीच्या भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर नसावे, असे उद्दिष्ट त्यांनी ठेवले. इथे पहिल्यांदा मोजमाप पेट्रोलकडून गावाकडे वळले.

आजच्या केंद्रीय निधीत राज्यांच्या रस्त्यांसाठीचा जो भाग आहे, त्याचे वाटप इंधनाच्या खपाला ३० टक्के आणि क्षेत्रफळाला ७० टक्के वजन देऊन होते. म्हणजे मोठ्या, विरळ, कोरडवाहू भूभागाला आता फायदा आहे. पण हे सूत्र फक्त राज्याच्या दारापर्यंत येते. महाराष्ट्राला किती मिळायचे ते सूत्र ठरवते. त्यातून कळंबचा रस्ता घ्यायचा की कणकवलीचा, हे ठरवायला तसे कोणतेही सूत्र नाही. तिथे प्रस्ताव, शिफारशी, पत्रे आणि मंत्रालयाच्या चकरा सुरू होतात. पुढाऱ्याचा पाठपुरावा खरोखर कामाला येतो तो इथे. आणि कुणाच्या पत्राला वजन आहे हे निवडणुकीच्या निकालावरून ठरते, हे खेड्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत असते.

हा निधी इंधनावरच्या ज्या उपकरातून भरतो, त्याची कहाणी जरा तपशिलात सांगण्यासारखी आहे, कारण तो आपण सगळेच भरतो. १९९८ मध्ये पेट्रोलवर लिटरला एक रुपया, १९९९ मध्ये डिझेलवर एक रुपया, असा तो नव्याने लागला. २००० मध्ये केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला आणि डिझेलवरच्या उपकराचा अर्धा भाग खेड्यांच्या रस्त्यांसाठी राखला गेला. २०१८ च्या अर्थसंकल्पात ‘रस्ते व पायाभूत सुविधा उपकर’ लिटरला आठ रुपये झाला. नावात ‘पायाभूत सुविधा’ आली तसा निधीचा वापरही रस्त्यांपलीकडे गेला. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, तो १८ रुपयांवर पोचला. पुढे दोनदा कपात होऊन २०२२ मध्ये पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर २ रुपये उरला.

यातली मेख अशी. प्राप्तिकर किंवा साधे उत्पादन शुल्क यांतून जे जमते, त्याचा ठरलेला हिस्सा वित्त आयोगाच्या शिफारशीने राज्यांना द्यावाच लागतो. पंधराव्या आयोगाने तो ४१ टक्के ठेवला आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के. उपकर आणि अधिभार मात्र या वाटपाच्या बाहेर असतात. केंद्राने कराऐवजी उपकर वाढवला की ग्राहकाला फरक कळत नाही, पंपावरचा भाव तोच, राज्याला कळतो. म्हणून बिगरभाजप राज्ये उपकरावर सतत टीका करत आली आहेत. पण मुंबईच्या सत्ताधाऱ्यांचे हातही अगदी कोरडे नाहीत. २०१५ मध्ये मराठवाड्यात दुष्काळ पडला तेव्हा राज्याने पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपये जादा लावले, दुष्काळनिवारणासाठी. पाऊस परतला तरी पंपावरचा भार उतरला नाही.

दिल्लीकडे मुंबई जे गाऱ्हाणे मांडते, तेच गाऱ्हाणे मराठवाडा मुंबईकडे मांडतो. आणि दोन्ही ठिकाणच्या वाटणीच्या आकडेमोडीत मराठी अर्थतज्ज्ञांचा हात आहे, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. राज्यांना योजनेतला केंद्रीय पैसा कसा वाटावा याचे १९६९ चे सूत्र धनंजयराव गाडगीळांच्या नावाने चालले: ६० टक्के वजन लोकसंख्येला, उरलेले दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू मोठे प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांना. गाडगीळ पुण्याच्या गोखले संस्थेचे. त्याच संस्थेचे वि. म. दांडेकर १९८३-८४ मध्ये महाराष्ट्राच्या आत डोकावले आणि त्यांनी मराठवाडा-विदर्भाचा अनुशेष क्षेत्राक्षेत्रानुसार रुपयांत मोजला, त्यात रस्तेही आले. तिसरे विजय केळकर. ते तेराव्या केंद्रीय वित्त आयोगाचे अध्यक्ष होते, आणि नंतर महाराष्ट्राच्या समतोल प्रादेशिक विकासावरच्या समितीचेही. घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. एप्रिल २०२० अखेर त्यांची मुदत संपली आणि ती संपूच दिली गेली. अनुशेषाचा हिशेब ठेवणारी वहीच मिटली, पण त्यावर जेवढा गदारोळ व्हायला हवा होता तेवढा मराठवाड्यातही झाला नाही. वही मिटल्याचा फोटो काढता येत नाही, हे त्याचे कारण असावे.

महाराष्ट्राने खेड्यांच्या रस्त्यांसाठी दिल्लीची वाट पाहिली, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून रस्ते झाले, ते पाहिलेली माणसे कळंब तालुक्यात अजून आहेत. वि. स. पागे यांनी रेटलेली रोजगार हमी योजना पुढे कायदा झाली आणि तिच्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर आला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून महिन्याला जे काही रुपये कापले जात, ते मराठवाड्याच्या माळावर मुरूम टाकायला येत. शहराच्या खिशातून खेड्याला पैसा, तोही कायद्याने बांधलेला. देशात त्या काळी असे दुसरे उदाहरण नव्हते.

मग २५ डिसेंबर २००० रोजी वाजपेयी सरकारने प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आणली. निकष साधा होता: सपाटीच्या भागात ५०० किंवा अधिक लोकसंख्येची वस्ती बारमाही रस्त्याने जोडलेली नसेल तर तिला रस्ता, डोंगरी-आदिवासी भागात २५०. ग्रामीण रस्ते राज्याच्या सूचीत, पण पैसा पूर्ण केंद्राचा. यात ज्या राज्यांनी आधीच खस्ता खाऊन वस्त्या जोडल्या होत्या, त्यांना नव्या जोडणीचा पैसा साहजिकच कमी आला. निकषाचा हा स्वभावच आहे. तो गरज मोजतो, आधी केलेले कष्ट मोजत नाही. तरीही ही योजना मला आवडते. हिच्या रस्त्याच्या सुरुवातीला एक फलक असतो: कामाचे नाव, लांबी, रक्कम, कंत्राटदार, काम पूर्ण झाल्याची तारीख, आणि शेवटी देखभालीची पाच वर्षे, ज्यात रस्ता उखडला तर दुरुस्ती त्याच कंत्राटदाराने करायची. उभे राहून वाचावा असा सरकारी मजकूर फार थोड्या ठिकाणी असतो. फलकावर चिखल उडालेला असला तरी तारखेपुरता तो पुसून घ्यावा, कारण पाच वर्षे संपायच्या आत केलेला अर्ज आणि नंतर केलेला अर्ज यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो.

२०१५ मध्ये एक मोठा बदल झाला आणि त्यावर जितके राजकारण व्हायला हवे होते तितके झाले नाही. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा करातला हिस्सा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला. मग केंद्राने म्हटले, तुमच्या हातात आता जास्त पैसा आहे, तर योजनांत तुम्हीही वाटा घाला. नीती आयोगाने मुख्यमंत्र्यांचा एक उपगट नेमला आणि त्यातून ६०:४० चे प्रमाण आले. शंभर टक्के केंद्राची ग्रामसडक योजना साठ टक्क्यांवर आली. ईशान्य आणि हिमालयी राज्यांना मात्र ९०:१०. हिशेबाने पाहिले तर केंद्राचे म्हणणे चुकीचे नव्हते. अडचण अशी की करातला वाढीव हिस्सा राज्याच्या मोठ्या तिजोरीत जातो, त्यातला किती रस्त्याकडे वळवायचा हे मुंबई ठरवते, आणि केंद्राचे साठ रुपये मिळायचे तर राज्याचे चाळीस वेळेवर निघावे लागतात. त्याच वर्षी महाराष्ट्राने मुख्यमंत्री ग्रामसडक योजना काढली. नावे दोन झाली, गावकऱ्यांच्या तोंडी दोन्ही ‘सडक योजना’च.

वाट्याचा खरा घोळ रेल्वेत दिसतो. रेल्वे पूर्णपणे केंद्राची. मग राज्याने पैसे का घालायचे? कारण रेल्वेचा जुना निकष परताव्याचा. जिथे भाडे-तिकिटातून पैसा सुटणार नाही, तिथले मार्ग वर्षानुवर्षे ‘सर्वेक्षण झाले’ या दोन शब्दांत अडकून राहतात. अर्धा खर्च राज्याने उचलला तर मार्ग पुढे सरकेल, अशी तडजोड निघाली. ज्या भागात उद्योग आहेत त्यांना रेल्वे आपणहून मिळते आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांच्यासाठी राज्याने अर्धे पैसे मोजायचे, हे तत्त्व म्हणून मला उफराटे वाटते. पण पर्याय नसेल तर उफराटेही चालवून घ्यावे लागते.

कळंबच्या शेजारचे उदाहरण घ्या. अहमदनगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५ ची, मूळ खर्च ३५३ कोटी. पुढे तो ४,८०५ कोटींवर गेला. बीडच्या स्थानकातून पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षांत मंजुरी देणारे, सर्वेक्षण करणारे, आंदोलने करणारे, निम्मा वाटा मान्य करणारे, झेंडा दाखवणारे असे सगळे पक्ष त्यात आले. श्रेय वाटायचे म्हटले तर रेल्वेचा एक डबा भरेल. कुणाच्या का कोंबड्याने उजाडेना, असे बीडकरांनी मनात म्हटले असणार.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव मार्गाचे गणित अधिक बोलके आहे, कारण ते दोन ओळींत मांडता येते. ९ जानेवारी २०१९ रोजी सोलापूरच्या सभेत पंतप्रधानांनी या मार्गाच्या मंजुरीची घोषणा केली. त्याच वेळी सोलापूर-तुळजापूर-उस्मानाबाद हा चौपदरी महामार्गही राष्ट्राला अर्पण झाला. मार्गाची लांबी ८४.४४ किलोमीटर, खर्च ९०४.९२ कोटी, निम्मा राज्याचा. त्याच वर्षाअखेर राज्यात सत्ता पालटली. महाविकास आघाडीने राज्याचा वाटा दिला नाही म्हणून काम अडले, असा भाजपचा आरोप राहिला. रेल्वे केंद्राची, तर खर्चही केंद्रानेच करावा, हे दुसऱ्या बाजूचे नेहमीचे उत्तर. पुन्हा सत्ता पालटली आणि शिंदे-फडणवीस सरकारने ४५२ कोटींचा वाटा मंजूर केला. तोवर जमिनीचे आणि साहित्याचे भाव कुठल्या कुठे गेले होते. २०२५ मध्ये राज्याने सुधारित खर्चाला मान्यता दिली तो आकडा सुमारे ३,२९५ कोटी. राज्याचा अर्धा वाटा सुमारे १,६४७ कोटी. म्हणजे २०१९ मध्ये अख्ख्या मार्गाला जेवढा खर्च धरला होता, त्याच्या पावणेदोन पटीहून अधिक आता एकट्या राज्याचा निम्मा वाटा झाला. वाटा कुणी द्यायचा या वादात गेलेली वर्षे फुकट गेली असे म्हणण्याचीही सोय नाही. त्यांचे बिल आले आहे.

हा मार्ग झाला तरी तो कळंबला येत नाही. सोलापूरहून मराठवाडा उभा चिरत जळगावला जाणाऱ्या रेल्वेची मागणी जुनी आहे. तिच्याकडे डोळे लावून बसलेल्या गावांत कळंब आहे. धाराशिवच्या लोकसभेच्या जागेवर २०१९ आणि २०२४ अशा दोन्ही वेळा ओमप्रकाश राजेनिंबाळकर निवडून आले, दुसऱ्यांदा ठाकरे गटाचे म्हणून, म्हणजे दिल्लीतल्या सरकारच्या विरोधी बाकांवर. उस्मानाबाद-कळंबचे आमदार कैलास पाटील हेही त्याच पक्षाचे. तुळजापूरचे राणाजगजितसिंह पाटील भाजपचे. एकाच जिल्ह्यात दिल्लीशी आणि मुंबईशी नाते असे वेगवेगळे असले की प्रत्येक मंजुरीला दोन पत्रकार परिषदा ठरलेल्या.

अमेरिकेतही हेच चालते, फक्त आकड्यांपुढे डॉलर असतो. तिथे १९५६ पासून महामार्गांसाठी वेगळा विश्वस्त निधी आहे. पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट संघीय कर, आणि १९९३ पासून त्यात एका सेंटची वाढ करायची कुणाची छाती झालेली नाही. त्यामुळे तो निधी २००८ पासून सर्वसाधारण तिजोरीतून भरून काढावा लागतो. मोठ्या आंतरराज्य महामार्गांवर संघ सरकार साधारण ९० टक्के, इतर संघीय रस्त्यांवर ८० टक्के देते, आणि मोंटाना-वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या राज्यांना त्यांच्या कराहून जास्त परत मिळते. नोव्हेंबर २०२१ मध्ये बायडन यांनी पायाभूत सुविधांचा मोठा कायदा केला तेव्हा रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्रतिनिधींनी विरोधात मत दिले. पुढे त्याच पैशातून पूल-रस्ते मंजूर झाल्यावर त्यांच्यापैकी काहींनी आपापल्या मतदारसंघात त्या कामांचे कौतुक केले. आपल्याकडच्या मंडळींना हे सांगितले तर ते म्हणतील, यात नवीन ते काय?

एक फरक मात्र आहे. तिथल्या राज्याला पुढच्या पाच वर्षांत सूत्राने किती येणार याचा बराचसा अंदाज आधीच असतो. आपल्याकडे जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पी भाषणात महाराष्ट्राचे नाव आले नाही म्हणून संसदेबाहेर घोषणा झाल्या. उत्तरादाखल रेल्वेमंत्र्यांनी आकडा दिला, महाराष्ट्राला १५,९४० कोटी, आणि २००९ ते २०१४ मध्ये वर्षाला सरासरी १,१७१ कोटीच मिळत होते. पुढच्या वर्षी तो २३,७७८ कोटी झाला. भाषणात नाव आले की नाही हा वाद पोकळच होता, पण आकड्याचे उत्तरही अर्धेच होते. त्या रकमेत मुंबईच्या उपनगरी मार्गांपासून राज्यभरातली सगळी कामे येतात. त्यातले मराठवाड्याला किती, हे ना विचारणाऱ्यांनी विचारले, ना सांगणाऱ्यांनी सांगितले.

कळंबच्या दृष्टीने मला सध्या या सगळ्यांपेक्षा एक छोटीशी अट महत्त्वाची वाटते. सप्टेंबर २०२४ मध्ये ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला: २०२८-२९ पर्यंत ७०,१२५ कोटी रुपये, ६२,५०० किलोमीटर रस्ते, न जोडलेल्या २५,००० वस्त्या. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरायची. सपाटीला ५०० चा निकष कायम आहे, पण आकांक्षित जिल्ह्यांना २५० ची सवलत आहे. आणि २०१८ पासून देशात जे ११२ आकांक्षित जिल्हे आहेत, त्यांत महाराष्ट्रातले चारच: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव. ‘मागास’ या शिक्क्याचा असा रोकडा फायदा क्वचितच होतो. शेतावरच्या वस्त्या, तांडे, पारधी वस्त्या गावठाणापासून दोन-तीन किलोमीटर आत असतात, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत मोटारसायकलचे चाकसुद्धा फिरत नाही. अशी वस्ती यादीत यायची तर ती मोबाईलवरच्या अ‍ॅपमधून सर्वेक्षणात नोंदली गेली पाहिजे, स्वतंत्र वस्ती म्हणून. महसुली गावाच्या आकड्यात ती विरघळून गेली तर गाव आधीच जोडलेले दिसते आणि विषय तिथेच संपतो. या नोंदीसाठी दिल्लीला जावे लागत नाही. ग्रामसेवक आणि शाखा अभियंता वस्तीवर येतात तेव्हा तिथला कुणीतरी हजर असावा लागतो, आणि यादी पंचायतीत लावली की त्यात आपल्या वस्तीचे नाव आहे का, ते पाहावे लागते.